बंदर नेमकं चालवतं कोण? न्हावा शेवाचा धडा आणि वाढवणचे करार

जून २०१७ चा शेवटचा आठवडा. उरणजवळच्या न्हावा शेवा बंदरातलं एक मोठं कंटेनर टर्मिनल जवळजवळ ठप्प झालं. वादळ नव्हतं, संप नव्हता, क्रेन कोसळली नव्हती. धक्क्याला जागा होती, कामगार हजर होते. बंद पडले होते ते फक्त कॉम्प्युटर. पण कुठला कंटेनर कुठल्या रांगेत, कितव्या थरावर ठेवलाय आणि तो कुठल्या ट्रेलरला द्यायचाय हे सगळं कॉम्प्युटरलाच माहीत होतं. त्यामुळे काम माणसांनी हाताने सुरू केलं, आणि हाताने म्हणजे किती हळू हे तुम्ही समजू शकता.

कारण होतं 'नॉटपेट्या' नावाचं मालवेअर. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ते पसरलं आणि डेन्मार्कच्या मर्स्क कंपनीच्या जगभरच्या नेटवर्कमध्ये शिरलं. न्हावा शेवातलं ते टर्मिनल मर्स्क समूहाचीच एपीएम टर्मिनल्स ही कंपनी चालवत होती. म्हणजे युक्रेनमध्ये एक अपडेट इन्स्टॉल झालं आणि रायगड जिल्ह्यात ट्रेलर अडकले.

सॉफ्टवेअरमध्ये काम करत असल्यामुळे मला या घटनेत मालवेअरपेक्षा दुसरीच गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. बंदर जवाहरलाल नेहरू पोर्ट ट्रस्टचं, म्हणजे सरकारी. जमीन सरकारची, खाडीतला जहाजांचा मार्ग सरकारी खर्चाने खोल केलेला. पण बंद पडलेली सिस्टिम सरकारची नव्हती. पोर्ट ट्रस्ट बाहेरची गर्दी आवरू शकत होतं, ट्रेलर उभे करायला जागा देऊ शकत होतं. सर्व्हर मात्र मर्स्कचे इंजिनियरच परत उभे करणार होते. नंतर कंपनीच्या अध्यक्षांनीच सांगितलं की दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने इन्स्टॉल करावे लागले. कंपनीचं नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरच्या घरात गेलं.

मग प्रश्न असा की बंदर 'चालवणं' म्हणजे नक्की काय? आणि पोर्ट अथॉरिटी नावाची संस्था दिवसभर करते तरी काय? हा प्रश्न आता विचारायचं कारण आहे. पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराचं काम सुरू झालंय, आणि २०२५ मध्ये संसदेने १९०८ चा जुना बंदर कायदा बाजूला ठेवून नवा भारतीय बंदर कायदा मंजूर केलाय. पुढच्या ३० वर्षांचे करार याच काळात लिहिले जाणार आहेत.

आधी एक गैरसमज दूर करू

आपल्याकडे 'मेजर पोर्ट' म्हटलं की वाटतं मोठं बंदर. पण हा शब्द आकाराचा नाही, कायद्याचा आहे. राज्यघटनेनुसार मेजर पोर्ट केंद्राच्या यादीत येतात, बाकीची बंदरं समवर्ती यादीत. गुजरातमधलं मुंद्रा बंदर देशातल्या कित्येक मेजर पोर्टपेक्षा जास्त माल हाताळतं, पण कायद्याच्या भाषेत ते 'नॉन-मेजर' आहे, कारण ते गुजरात मेरिटाइम बोर्डाच्या अखत्यारीत येतं. आपल्याकडे असंच महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड १९९६ पासून आहे. मुंबई बंदर आणि न्हावा शेवा ही दोन सोडली तर राज्याच्या किनाऱ्यावरची बाकी बंदरं त्याच्याकडे.

मेजर पोर्टसाठी २०२१ मध्ये नवा कायदा आला. १९६३ च्या कायद्याखालचे 'ट्रस्ट' जाऊन 'अथॉरिटी' आल्या. जेएनपीटीचं जेएनपीए झालं ते त्यामुळे. नुसती पाटी बदलली असं नाही. पूर्वी मेजर पोर्टचे दर टॅम्प नावाचं एक वेगळं प्राधिकरण ठरवायचं. नव्या कायद्यात ते गेलं. आता अथॉरिटीचं बोर्ड स्वतःचे दर ठरवतं, आणि खासगी टर्मिनलवाले बाजार बघून आपले दर ठरवतात.

एमआयडीसीसारखं, पण पूर्ण तसं नाही

जगात बंदर चालवायच्या साधारण दोन टोकाच्या पद्धती आहेत. एकात सगळं सरकारच करतं: जमीन, क्रेन, कामगार, गोदामं. याला सर्व्हिस पोर्ट म्हणतात. १९८९ मध्ये न्हावा शेवा सुरू झालं तेव्हा ते असंच होतं. दुसऱ्या टोकाला पूर्ण खासगी बंदर, जिथे जवळपास सगळं एकाच कंपनीच्या हातात असतं.

या दोन्हींच्या मधे लँडलॉर्ड मॉडेल येतं. अथॉरिटी जमीन आणि पाणी सांभाळते आणि टर्मिनल भाड्याने देते. आपल्याकडे समजायला सोपं उदाहरण एमआयडीसीचं. एमआयडीसी प्लॉट देते, रस्ते आणि पाणी देते. कारखाना मात्र कंपनीचा. मशिन कुठलं घ्यायचं, कामगार किती ठेवायचे, ते कंपनी बघते.

भारतात याची सुरुवात न्हावा शेवातच झाली. १९९७ मध्ये पी अँड ओ या कंपनीबरोबर देशातल्या पहिल्या खासगी कंटेनर टर्मिनलचा ३० वर्षांचा करार झाला. ते आज डीपी वर्ल्डकडे आहे. मग एपीएम टर्मिनल्स आली, सिंगापूरची पीएसए आली. २०२२ मध्ये बंदराने स्वतः चालवत असलेलं शेवटचं कंटेनर टर्मिनलही जे एम बक्षी आणि सीएमए यांच्या जोडीला दिलं आणि जेएनपीए हे देशातलं पहिलं शंभर टक्के लँडलॉर्ड मेजर पोर्ट बनलं. वर्षाला ७० लाखांहून जास्त कंटेनर, हिशेब २० फुटी डब्यांचा, इथून जातात आणि ते चढवण्या-उतरवण्याचं काम टर्मिनल कंपन्या करतात.

पण एमआयडीसीची उपमा एका ठिकाणी तुटते. एमआयडीसीत शेजारच्या कारखान्याचा ट्रक उलटला तर तुम्ही दुसऱ्या रस्त्याने जाता. बंदरात आत यायला मार्ग एकच. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईजवळच्या समुद्रात एमएससी चित्रा आणि एमव्ही खलिजिया-३ या जहाजांची टक्कर झाली. एक न्हावा शेवातून बाहेर पडत होतं, दुसरं मुंबई बंदराकडे येत होतं. चित्रा कलंडलं, शेकडो कंटेनर पाण्यात पडले, तेल सांडलं आणि दोन्ही बंदरांची वाहतूक काही दिवस थांबली. सगळ्या टर्मिनल्सच्या क्रेन एकदम ठणठणीत होत्या, पण जहाजच आत येऊ शकत नव्हतं.

म्हणून लँडलॉर्ड झाली तरी अथॉरिटीकडे काही कामं राहतातच:

- जलमार्ग: गाळ काढून खोली टिकवणं, दिवे आणि बोया, जहाजांच्या वाहतुकीवर लक्ष.
- पायलट आणि टग: बाहेरून आलेल्या कॅप्टनला इथले प्रवाह माहीत नसतात. पायलट जहाजावर चढून ते आत आणतो.
- सुरक्षितता आणि पर्यावरण: आग, तेलगळती, धोकादायक माल.
- सामाईक सोयी: रस्ते, रेल्वे, पार्किंग.
- करार: कोणाला टर्मिनल द्यायचं, कुठल्या अटींवर, आणि त्या पाळल्या जातात की नाही.

कस्टम्स या यादीत नाही, कारण तो अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागाचा वेगळा कारभार आहे. 'बंदरात माल अडकला' असं आपण म्हणतो तेव्हा तो कस्टम्सकडे, शिपिंग लाइनकडे, टर्मिनलकडे किंवा बाहेरच्या सीएफएसमध्ये, कुठेही अडकलेला असू शकतो. त्यातल्या एकाही ठिकाणी अथॉरिटीचा थेट हात नसेल, असंही होतं.

खरी ताकद करारात

वरच्या यादीतला शेवटचा मुद्दा साधा दिसतो, पण सगळा खेळ तिथेच आहे. टर्मिनलचा करार ३० वर्षांचा असतो. तीस वर्षांत सरकारं बदलतात, जहाजं दुप्पट-तिप्पट मोठी होतात, सॉफ्टवेअरच्या तर कित्येक पिढ्या जातात. कराराचा कागद मात्र तोच. आमच्या भाषेत सांगायचं तर हा असा एपीआय आहे जो रिलीज केल्यावर ३० वर्षं बदलायला प्रचंड कष्ट पडतात.

चौथ्या टर्मिनलचं उदाहरण बघा. २०११ मध्ये पीएसए आणि तिच्या भारतीय भागीदाराने बोली लावली की उत्पन्नातला ५० टक्क्यांहून जास्त वाटा बंदराला देऊ. सरकार खूश. पण करारावर सही झालीच नाही. पुन्हा निविदा निघाली आणि २०१४ मध्ये पीएसएनेच ३५.७९ टक्के वाट्यावर तो प्रकल्प घेतला. टर्मिनलचा पहिला टप्पा सुरू व्हायला २०१८ उजाडलं, दुसरा टप्पा सप्टेंबर २०२५ मध्ये.

यातून दिसतं की सगळ्यात जास्त पैसे देणारा निवडला की अथॉरिटीचं काम संपलं, असं नाही. बोली फुगली तर एकतर प्रकल्प रखडतो, नाहीतर तो पैसा शेवटी आयातदार-निर्यातदाराकडून वसूल होतो. म्हणजे नाशिकच्या द्राक्षांच्या आणि सोलापूरच्या टॉवेलच्या खर्चात तो येतो. पुढे २०१८ मध्ये सरकारने नमुना करार बदलला आणि टक्केवारीऐवजी दर कंटेनरमागे किंवा टनामागे रॉयल्टी अशी पद्धत आणली. पैशाची बाजू अशी अनुभवातून सुधारत गेली. डेटा आणि सॉफ्टवेअरच्या बाजूचीही तेवढीच चर्चा व्हायला हवी होती, पण ती फारशी ऐकू येत नाही.

डेटाचं बंदर

पनवेलला राहणारा माझा एक मित्र कस्टम हाऊस एजंटकडे काम करतो. त्याच्या स्क्रीनवर सकाळपासून वेगवेगळ्या टॅब उघड्या असतात. कस्टम्सचं आइसगेट, शिपिंग लाइनची वेबसाइट, टर्मिनलचं पोर्टल, सीएफएसचं पोर्टल. निर्यातीचा कंटेनर गेटमधून आत न्यायचा तर फॉर्म १३ लागतो, तोही आता ऑनलाइन. तो गमतीने म्हणतो, "कंटेनर एक असतो रे, पासवर्ड दहा असतात."

हे सगळं जोडायचे प्रयत्न झालेत. इंडियन पोर्ट्स असोसिएशनने २०१८ मध्ये पीसीएस वन-एक्स आणलं, २०२३ मध्ये नॅशनल लॉजिस्टिक्स पोर्टल मरीन. त्याआधी, २०१६ मध्ये न्हावा शेवातूनच लॉजिस्टिक्स डेटा बँक सुरू झाली. कंटेनरला आरएफआयडी टॅग लावायचा, आणि तो टोलनाका ओलांडतो तेव्हा रीडर नोंद घेतो. कंटेनरच्या नंबरावरून तो कुठे पोचलाय हे कोणालाही बघता येतं.

पण टर्मिनलच्या आतलं मुख्य सॉफ्टवेअर, ज्याला टर्मिनल ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, ते ऑपरेटरकडे असतं. धक्क्याला कुठलं जहाज कधी लागणार, यार्डात जागा किती, ट्रेलरला सरासरी किती वेळ लागतो, ही माहिती आधी तिथे जन्माला येते. अथॉरिटीला ती मिळते, पण ऑपरेटरकडून आणि नंतर.

इथे पटकन सुचणारं उत्तर म्हणजे 'सगळ्यांसाठी एकच सरकारी सिस्टिम करा'. थांबा, जपानमध्ये काय झालं ते बघू. नागोया बंदरात सगळ्या कंटेनर टर्मिनल्सचं काम एका सामाईक सिस्टिमवर चालतं. ४ जुलै २०२३ ला तिच्यावर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि बंदरातली पाचही टर्मिनल्स एकदम थांबली. काम पूर्ववत व्हायला साधारण अडीच दिवस लागले. टोयोटाचा कारभार ज्या बंदरावर अवलंबून आहे, त्या बंदराची ही गोष्ट.

आता आपल्याकडचं बघा. फेब्रुवारी २०२२ मध्ये न्हावा शेवातल्या, त्या वेळी बंदर स्वतः चालवत असलेल्या टर्मिनलच्या सिस्टिमवर रॅन्समवेअर हल्ला झाला. तेव्हा जहाजं शेजारच्या टर्मिनलकडे वळवता आली, कारण शेजाऱ्याची सिस्टिम वेगळी होती. २०१७ मध्येही तेच. एक टर्मिनल अडकलं, बाकीची चालू राहिली. म्हणजे खासगी वाईट आणि सरकारी सुरक्षित असंही नाही, आणि उलटही नाही. हल्ला दोघांवर झालाय.

ऑस्ट्रेलियात नोव्हेंबर २०२३ मध्ये तिसराच प्रकार घडला. घुसखोरी लक्षात आल्यावर डीपी वर्ल्डने स्वतःच इंटरनेट तोडलं. जहाजं रिकामी होत राहिली, पण ट्रकना गेटमधून आत-बाहेर करता येईना. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन आणि फ्रीमँटल अशा चार बंदरांत मिळून सुमारे ३०,००० कंटेनर अडकले. बंदरं चार होती, ऑपरेटर एकच होता. जागतिक कंपनीला टर्मिनल देताना ही जोखीम सोबत येते. तिचं नेटवर्क आपल्या बंदराच्या कुंपणापाशी संपत नाही.

सर्व्हर बंद पडणं हा एक धोका झाला. सर्व्हर चालू असतानाही चोरी होते. बेल्जियममधल्या अँटवर्प बंदरात अमली पदार्थांच्या टोळीने हॅकर लावून कंपन्यांच्या कॉम्प्युटरमधून कंटेनरची जागा आणि सुटकेसाठीची माहिती मिळवली. खऱ्या मालकाच्या आधी यांचा ट्रक गेटवर हजर. २०१३ मध्ये पोलिसांनी हे उघड केलं तोवर ते साधारण दोन वर्षं चाललं होतं.

मग चांगली रचना कुठली? माझ्या मते टर्मिनल्सच्या सिस्टिम वेगळ्याच राहाव्यात, पण एकमेकांशी बोलायची भाषा सामाईक असावी, आणि ती भाषा ठरवायचा अधिकार अथॉरिटीकडे असावा. नेदरलँड्समध्ये बंदरांच्या अथॉरिटींनीच २००९ मध्ये पोर्टबेस नावाची ना-नफा संस्था काढली. टर्मिनल कंपन्यांच्या सिस्टिम आपापल्या, देवाणघेवाण मात्र पोर्टबेसमधून. घरमालकाने भाडेकरूच्या स्वयंपाकघरात शिरायची गरज नाही, पण जिन्याची किल्ली त्याच्याकडे हवी.

वाढवण: कोरी पाटी

न्हावा शेवा ३३ वर्षांत हळूहळू लँडलॉर्ड झालं. वाढवण जन्मापासूनच तसं असणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली, ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली. यासाठी काढलेल्या कंपनीत जेएनपीएचा वाटा ७४ टक्के आणि महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाचा २६ टक्के. प्रत्येकी एक किलोमीटर लांबीची ९ कंटेनर टर्मिनल्स, वर्षाला २.३२ कोटी कंटेनरची क्षमता, समुद्रात १,४४८ हेक्टर भराव आणि दहा किलोमीटरहून लांब लाटरोधक बंधारा. टर्मिनल्स अर्थातच खासगी भागीदारीतून.

म्हणजे नऊ टर्मिनल्सचे करार. मी इंजिनियर म्हणून त्यात निदान चार गोष्टी शोधेन:

१. सायबर हल्ला झाला तर ऑपरेटरने अथॉरिटीला किती तासांत कळवायचं? सर्ट-इनला सहा तासांत कळवायचा नियम २०२२ पासून आहेच, पण बंदराच्या गेटवर ट्रेलर थांबवायचे की नाही हे सर्ट-इन ठरवत नाही.

२. सिस्टिम बंद असताना हाताने काम चालवायची तयारी आहे का, आणि तिचा सराव दरवर्षी होतो का?

३. जहाज, यार्ड आणि गेटची माहिती ठरलेल्या स्वरूपात, त्याच क्षणी अथॉरिटीला मिळेल का?

४. तीस वर्षांनी किंवा मधेच ऑपरेटर बदलला तर डेटा कोणाचा? क्रेन परत करायची अट लिहिणं सोपं आहे. डेटाबेसची अट कोणीतरी आठवणीने लिहावी लागते.

आणि पाचवी गोष्ट, जी सॉफ्टवेअरची नाही. वाढवणला विरोध नवा नाही. सुप्रीम कोर्टाच्या आदेशावरून नेमलेल्या डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये तिथल्या बंदराला नकार दिला होता. त्याच प्राधिकरणाने २०२३ मध्ये अटींसह परवानगी दिली. डहाणूपासून सातपाटीपर्यंतच्या मच्छीमारांचं म्हणणं सरळ आहे. भराव आणि जहाजांचा मार्ग जिथे येणार तिथेच त्यांची जाळी पडतात.

आता मेजर पोर्टच्या २०२१ च्या कायद्यात अथॉरिटीच्या बोर्डावर कोण बसतं ते बघा. अध्यक्ष, उपाध्यक्ष, राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण, कस्टम्स, केंद्राचा एक अधिकारी, दोन ते चार स्वतंत्र सदस्य आणि कामगारांचे दोन प्रतिनिधी. मच्छीमारांसाठी राखीव खुर्ची नाही. समुद्राचा वापर करणाऱ्यांपैकी सगळ्यात जुन्यांना या व्यवस्थेत लॉगिनच नाही, असं म्हणा ना. स्वतंत्र सदस्यांच्या जागेवर त्यांच्यातला कोणी नेमायला कायदा आडवा येत नाही. नेमायचं की नाही हा इच्छेचा प्रश्न आहे.

लँडलॉर्ड मॉडेलमध्ये अथॉरिटीची कामं कमी होतात, म्हणून ती दुबळी झाली असं आपल्याला वाटतं. खरं तर तिच्याकडे असं एक काम उरतं जे दुसरं कोणीच करणार नाही. टर्मिनल कंपनी आपलं टर्मिनल बघेल, शिपिंग लाइन आपलं जहाज बघेल, कस्टम्स आपला महसूल बघेल. नऊही टर्मिनल्स, मधलं पाणी आणि बाहेरचं गाव एकत्र बघणारी संस्था फक्त अथॉरिटी. वाढवणच्या निविदांच्या बातम्या येतील तेव्हा 'किती कोटींचा करार' हा आकडा मथळ्यात असेल. तुम्ही तेवढ्यावर थांबू नका. २०१७ सारखी सकाळ वाढवणला उगवली तर फोन कोण उचलणार, हे त्या करारात लिहिलंय का, ते विचारा.